रथ अडला तेव्हा

८ एप्रिल, मंगळवार

शनिवारी सकाळी मी गाडी धुतली, पुढच्या काचेवरचा वाळलेला हार काढून नवा बांधला, मारुतीला नमस्कार केला आणि गाडी रणजितच्या दारात नेऊन उभी केली. त्याची आई पहाटे गेली होती. तेव्हापासून लिहायचं म्हणतोय, पण वही उघडवत नव्हती.

आमच्या मंडळाच्या या गाडीला मांजरी गावात सगळे रथ म्हणतात. आहे साधा डिझेल पिकअप. मागे पत्र्याची घुमटी, दोन्ही बाजूंना बाकं, मधे तिरडीपुरती जागा. मंडळाचा अध्यक्ष रणजित, चालवणारा मी.

पुण्यातले पाहुणे स्वारगेटच्या गर्दीत अडकले होते. रणजित म्हणाला, इंजिन बंद करू नको, आलेच ते. गाडी उन्हात बराच वेळ धडधडत उभी राहिली. शेवटी निघालो, आणि घराला वळसा घालून मागच्या कोपऱ्यावर आलो तसं इंजिन एकाएकी गप्प झालं. आचका नाही, धूर नाही. फुंकर मारून दिवा घालवावा तसं. किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता गरगरायचा, इंजिन काही पेट घ्यायचं नाही.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीचा जीव अडकलाय."

मग दहाव्याला कावळा शिवेना की करतात तसं सुरू झालं. एकेकानं म्हातारीची राहिलेली इच्छा आठवायची, रणजितनं हात जोडून कबूल करायचं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. नातवाचं, पृथ्वीराजचं लग्न थाटात करतो, झालं. मी किल्ली फिरवली, नाही. भैरोबाला कळस चढवतो, झालं. नाही. तेव्हा भैरूकाका, रणजितचे चुलते, काठी टेकत पुढे आले.

"उगं लांबलांबचं काय बोलतो रं? तिचा जीव शकूत हाय. समोर बघ की."

समोर शकूच्या खोलीचं दार होतं. शकू म्हणजे रणजितची बहीण. नवऱ्यानं टाकल्यापासून ती या मागच्या खोलीत राहते. आईचं सगळं अंथरुणातलं तिनंच केलं. आता जागा बिल्डरला दिली आहे. नव्या इमारतीत सगळ्यांची घरं ठरली, शकूचं कुठं नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही.

रणजित बोलेना. ऊन चढत होतं. मी किल्लीवर हात ठेवून बसलो होतो. मघापासून किल्ली अर्धी फिरवून ठेवली तरी समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागत नव्हता. तो आता लागला होता. मी त्याच्याकडे बघत होतो. फिरवून बघायला हवं होतं. फिरवली नाही. का ते सांगता येत नाही. हात जड झाला होता म्हणावं.

शेवटी रणजित म्हणाला, "आये, शकू या घरातनं कुठं जाणार न्हाई. नव्या बिल्डिंगीत तिला खोली. समद्यांच्या देखत शब्द हाय."

मी किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले. भैरूकाका रडले. माझेही डोळे भरले. शकू दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पदर तोंडाशी. तिची जुनी सवय आहे ती, शाळेतही फळ्यापुढे उभं केलं की अशीच उभी राहायची.

घरी आल्यावर ही म्हणाली, "शकूताईंचं भलं झालं वाटतं. तुमचं तोंडच सांगतंय."

तिला काय दिसलं कोण जाणे.

९ एप्रिल, बुधवार

आज वाघोलीला जाऊन आलो. तिकडचा रथ दुसरीकडे गेला होता, म्हणून फोन आला. सर्जेराव म्हणून आहेत, त्यांचा मुलगा विश्वजीत. बायकोशी भांडून बाईक घेऊन निघाला आणि नगर रोडवर खडीवरून घसरला. वय लिहवत नाही.

भर दुपारी निघालो. गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद. तसंच, फुंकर मारल्यासारखं.

मी आज किल्लीवरचा हात काढलाच नाही. फिरवत राहिलो. मनात म्हणत होतो, देवा, इथं नको. पिवळा दिवा लागतच नव्हता.

पोराची आई गाडीतून खाली उतरली. "जायचा न्हाई तो. हिनं घालवलाय त्याला. आणा तिला हितं."

सून अवनी बायकांच्या मागे उभी होती. तिला धरून पुढे आणली. बंपरला डोकं टेकायला लावलं. लोखंड किती तापलं होतं ते मला ठाऊक आहे, मी काही वेळापूर्वीच हात लावला होता. तिची लहान मुलगी कुणाच्या तरी कडेवरून आईला हाका मारत होती.

"माझं चुकलं म्हण."

ती म्हणेना. मग म्हणाली. एकदा, दोनदा, मग न थांबता म्हणत राहिली. आणि तेवढ्यात दिवा लागला, मी किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली.

कुणी हात जोडले नाहीत. सगळे तिच्याकडे बघत होते.

११ एप्रिल, शुक्रवार

काल आणि आज गाडी राकेशच्या गॅरेजात होती, फुरसुंगीत. आधी एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं बॅटरीची टोकं घासली, डिझेलचा फिल्टर बदलला, हवा काढली आणि म्हणाला झालं. परतताना पुन्हा बंद. म्हणून राकेशकडे. तो गाड्यांची फक्त वायरिंग बघतो.

त्याच्याकडे गेल्यावर गाडी शहाण्यासारखी चालायला लागली. राकेश म्हणाला, "काका, डॉक्टरला बघून ताप उतरतो तसलं आहे हे." मग त्यानं बोनेट बंद करून इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि आम्ही चहा प्यायलो. दुसरा चहा यायच्या आत इंजिन गप्प झालं.

त्यानं स्कॅनर जोडला. "बघा, इंजिनाचा कॉम्प्युटर फोनच उचलत नाही. झोपलाय. आता त्याला झोपवतो कोण, ते बघायचं." टेस्ट लॅम्पची सुई टोचत टोचत तो बोनेटखालच्या फ्यूजच्या डब्याशी आला. तिथे काडेपेटीपेक्षा लहान काळे चौकोनी ठोकळे ओळीनं बसवलेले असतात, त्यांना रिले म्हणतात. त्यातल्या एकावर त्यानं स्क्रूड्रायव्हरची मूठ हलकेच आपटली. मी आत बसलो होतो. पिवळा दिवा लागला.

"हा बघा तुमचा मुडदा," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली. "सॉरी काका."

रिले उपटून त्यानं वरचं टोपण काढलं. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि काळे पडलेले दोन ठिपके. खाली एका पायाशी, जिथं शिशाचा डाग देऊन जोडतात तिथं, केसाएवढी चीर. भिंगातून दाखवली मला. कॉम्प्युटरला वीज यातून जाते. गरम झालं की चीर उघडते, वीज तुटते, कॉम्प्युटर झोपतो, डिझेल बंद. गार झालं की चीर आपोआप मिटते.

"किती वेळानं मिटते?"

"चहा पिऊन होईपर्यंत. दिवा लागला की समजायचं साहेब जागे झाले. मग किल्ली मारली की चालू. त्याच्या आधी कितीही मारा, काही उपयोग नाही."

मी भिंग पुन्हा डोळ्याशी धरलं.

नवा रिले यायचा होता, तोवर त्यानं हॉर्नचा तसलाच रिले काढून तिथं बसवला. "हॉर्न बंद राहील. तुम्हाला कशाला लागतो म्हणा, तुम्हाला बघून लोक आपणच बाजूला होतात." आज नवा रिले बसला, हॉर्नचा हॉर्नला परत गेला. मुद्दाम तापवून पाहिली, वाघोलीपर्यंत नेऊन आणली. कुठं अडली नाही.

जुना रिले मी मागून घेतला. खिशात आहे.

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. सूर्योदयाला देवळात होतो. पाळणा झाला, सुंठवडा झाला. दरवर्षी मी मागे उभा राहून डोळे मिटतो, आज मिटले नाहीत.

माझं चित्त असं अडकलं आहे. देव रिलेतून बोलणार नाही असं कुठं आहे? त्याला कावळा चालतो तर रिले का चालू नये? शकूसाठी तो बोलला असं मला वाटलं होतं, आणि अजून वाटावंसं वाटतं. पण शनिवारी बोलला तो देव असेल, तर बुधवारी बोलला तोही देवच असायला हवा. आणि त्या पोरीचं कपाळ तापल्या लोखंडावर टेकवणारा देव माझा नाही. लहानपणापासून ज्याला तेल घालत आलो, तो हा नाही.

मग शनिवारचाही तो नव्हता. मग शनिवारी कोण होतं?

इथपर्यंत येतो आणि पुढं विचार जात नाही.

१३ एप्रिल, रविवार

दुपारी देवळाच्या कट्ट्यावर एक गृहस्थ आले. अवनीचे वडील, श्रीनिवास म्हणून. पेठेत राहतात, शाळेत कारकून होते. उन्हातून आलेले, पाणी दिलं तर अर्ध्या पेल्यावर थांबले.

"आपणच होतात ना त्या दिवशी गाडीवर?"

हो म्हटलं.

"मुलीला माहेरी पाठवलंय. संस्कृतीला ठेवून घेतलं, नात आहे माझी. म्हणतात, नवऱ्याला शेवटचंही सुखानं जाऊ दिलं नाही, पोर हिच्या हातात कशी द्यायची. शुक्रवारी दहावा आहे, तिथं येऊ नकोस म्हणून निरोप आहे. मी कोर्टकचेरीला भीत नाही. पण अवनी स्वतःच म्हणते, बाबा, गाडी माझ्यामुळेच अडली, सगळ्यांनी पाहिलं. जेवत नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी विचारायला आलो, यावरून ओळखा. गाडीत काही बिघाड होता का?"

रिले माझ्या सदऱ्याच्या खिशात होता. हात लावला असता तर लागला असता.

हो म्हटलं तर गोष्ट मांजरीत यायला वेळ लागत नाही. शब्द मोडायला रणजित निमित्ताची वाटच बघतोय.

मी म्हणालो, "मला इंजिनातलं फारसं कळत नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले. उरलेलं पाणी प्यायले, पेला विसळून ठेवला आणि बसस्टॉपकडे गेले.

१४ एप्रिल, सोमवार

रणजितच्या आईचा दहावा, नदीवर. पिंड मांडले. कावळा येईना. नव्या टॉवरांपासून कावळेच कमी झालेत. भैरूकाका रणजितला म्हणाले, "शकूचं पुन्हा एकदा बोल."

रणजितनं गुरुजींकडे पाहिलं. "दर्भाचा करा. उशीर व्हतोय लोकांना."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. दर्भाचा कावळा काही मागत नाही. शकू लांब बायकांत उभी होती. तिनं पाहिलं.

परतताना रणजित माझ्या शेजारी पुढे बसला. राकेशच्या तोंडाला कुलूप नाही, हे मला कळायला हवं होतं.

"वैजनाथ, रिले गेला व्हता म्हणं गाडीचा."

"हो."

"मग माझ्या आईचा जीव कुठं अडकला व्हता, रिलेत?" तो हसला. मग हसला नाही. "तेराव्याला चार माणसांत सांगायचं. गाडीत बिघाड व्हता, एवढंच. खरंच हाय की न्हाई?"

"खरं आहे."

"मग खरं सांगायला काय जातं तुझं? किल्ली मंडळाची हाय, इसरू नको."

आजवर खोटं बोलायला लावणारी माणसं पाहिली होती.

हिला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "रणजितनं सांगितलं म्हणून खरं बोलायचं नाही, आणि त्या मास्तरांनी विचारलं तेव्हाही बोलायचं नाही. मग बोलायचं तरी कधी तुम्ही?"

"ते मास्तर नाहीत, कारकून होते."

"तेवढं बरं लक्षात राहिलं."

भाकरी तव्यावर टाकून तीच म्हणाली, "आधी शकूताईंना सांगा. खोली त्यांची जायची आहे. तुमची नाही."

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी गेलो. शकू खोलीबाहेर आईच्या गोधड्या वाळत घालत होती. आम्ही सातवीपर्यंत एका वर्गात होतो. ती अजून मला तू म्हणते. मी तुम्ही म्हणतो, ती मोठ्या घरातली.

रिले तिच्या हातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. चीर, ऊन, दिवा. वाघोलीची पोर. तिचे वडील येऊन गेले ते.

तिनं रिले उलटासुलटा करून पाहिला.

"मला तसं वाटलंच होतं," ती म्हणाली. "आई अडून बसणारी नव्हती रे. जन्मभर कशाला अडून बसली नाही. तीच तर तिची चूक."

मी उभाच होतो.

"दिवा लागला की गाडी चालू होते म्हणतोस. मग दिवा कधी लागला?"

"भैरूकाका बोलले त्याच्या आसपास."

"आणि किल्ली कधी फिरवलीस?"

"रणजितनं शब्द दिल्यावर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी गोधडीकडे बघत होतो. निळ्या काठाची होती, म्हातारीच्या जुन्या लुगड्याची.

"का?" तिनं विचारलं.

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. गोधडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं तिनं धरलं, आणि आम्ही ती झटकून दोरीवर टाकली.

मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "चार दिवस मी सुखानं झोपले, ठाऊक आहे? किती वर्षांनी. हे सांगायला आला नसतास तर काय झालं असतं?" आणि लगेच, "नाही, बरं केलंस. आईनं दिलेली खोली असती तर कुणाच्या बापाला सोडली नसती. गाडीनं दिलेली काय करू? आणि तिकडं एक पोर आईवाचून ठेवलीय." तिनं रिले परत दिला. "तू तेराव्याला काही बोलू नकोस. रणजितनं बोलावलं तरी."

१७ एप्रिल, गुरुवार

तेरावा. पानं मांडली होती, लोक बसायचे होते. रणजितनं मला हाक मारली, "वैजनाथ, ये हिकडं पुढं."

मी उठायच्या आत शकू उठली. पदर तोंडाशी नव्हता.

"रणजित, त्याला कशाला त्रास देतोस? मी सांगते. गाडीत बिघाड होता. आईचं काही म्हणणं नव्हतं. तू शब्दातून मोकळा."

वाढपी बुंदीचं ताट घेऊन उभा होता तसाच राहिला. रणजितला हवं होतं ते मिळालं होतं, पण घ्यायला हात पुढं होईना. भैरूकाका म्हणाले, "शब्द गाडीला दिला व्हता का रं तू? आईला दिला व्हता न्हवं?" रणजित म्हणाला, "आता जेवा की काका." भैरूकाका पानावरून उठून गेले. बाकीचे जेवले.

खोलीचं काय होणार, मला सांगता येत नाही. बिल्डरची माणसं सोमवारी मोजायला येणार आहेत असं ऐकलं. निघताना शकू भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या वाघोलीचा दहावा ना? लवकर जा."

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी देवळात गेलो. काही मागितलं नाही. रथ काढला आणि वाघोलीला गेलो. मंडळाला विचारलं नाही.

सर्जेरावांच्या दारात माणसं नदीवर निघायच्या तयारीत होती. रथ पुन्हा दारात बघून एक बाई आत पळाली. मी खाली उतरून लांबूनच हात जोडले.

"कुणाला न्यायला आलो नाही. बोलायला आलोय."

अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. रिले काढून दाखवला. म्हटलं, त्या दिवशी गाडी अडली ती यानं अडली. तुमचा मुलगा अडला नव्हता. सुनेचा काही दोष नव्हता. गाडी गार होईतोवर कुणी काहीही म्हटलं असतं, काहीच म्हटलं नसतं, तरी तेव्हाच सुरू झाली असती. तिचे वडील मला विचारायला आले होते, तेव्हा मी सांगितलं नाही. ते आज सांगतोय.

सर्जेरावांनी रिले घेतला. अंगठ्यानं चाचपत राहिले. "सांगाया उशीर केलास," ते म्हणाले.

"हो."

विश्वजीतची आई पायरीवर बसली होती. मला वाटलं ती भांडेल. त्याची तयारी करूनच आलो होतो. ती बराच वेळ रिलेकडे बघत होती. मग तिनं मला विचारलं, अगदी हळू, "म्हणजी जाताना त्याला कायच सांगायचं नव्हतं?"

याची तयारी मी करून आलो नव्हतो. त्या दुपारी तिच्या मुलानं तिच्याशी शेवटचं काहीतरी बोलल्यासारखं झालं होतं. रागाचं, पण त्याचं. ते मी आज येऊन काढून घेतलं.

"मला नाही माहीत, आई," मी म्हणालो.

आतल्या दारात लहान मुलगी येऊन उभी राहिली. फ्रॉकची पाठची बटणं चुकीची लागली होती. आजीनं तिला ओढून मांडीत घेतलं आणि बटणं काढून पुन्हा लावू लागली. एक लावलं आणि थांबली. सर्जेराव तिच्याकडे बघत होते. शेवटी तिनं मान वर न करता म्हटलं, "अवनीच्या बापाला फोन लावा. नदीवर येऊ द्या तिला."

नात आईकडे परत जाणार का, ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही.

रिले सर्जेरावांच्या हातातच राहिला. मागितला नाही. गाडीत बसलो, पिवळा दिवा लागला, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली, आणि कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मांजरीत आल्यावर गाडी धुऊन शेडमध्ये लावली आणि किल्ली रणजितच्या घरी देऊन आलो.